सुभानरावाचा 'जातो'

बहिणीचं लग्न ठरवायला गेलो होतो, आणि निघताना 'येतो' म्हणायच्या ऐवजी 'जातो' म्हणालो.

बाकी काही केलं नाही. चहा सांडला नाही, पोह्यांना नावं ठेवली नाहीत, कुणाच्या पायावर पाय दिला नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द गेला, एवढंच. पण आमच्याकडं उंबऱ्यात उभा राहून 'जातो' म्हणणारा माणूस एक तर भांडून निघालेला असतो, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून निघायच्या बेतात असतो. कोपऱ्यावर काडेपेटी आणायला निघालेलासुद्धा 'आलो' म्हणून निघतो. अजून चप्पल पायात नाही, आणि म्हणतो आलो. परक्याला हे गणित सुटायचं नाही. आम्हाला ते सोडवायची गरजच पडत नाही, जीभ आपली आपण सोडवते. माझी ती जीभ मी एक हंगामभर खपून बिघडवून घेतली होती.

परवा सकाळी वारं फिरलं आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास आमच्या जळोचीपर्यंत आला. म्हणजे उसाचं गळीत सुरू झालं. हा वास चांगला की वाईट, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. गुळाच्या ढेपेवर कुणीतरी ओली गोणी टाकून विसरून गेल्यासारखा तो येतो. नाक मुरडावं म्हटलं तर तोवर आत शिरून बसलेला असतो. रस्त्यावर ट्रॅक्टरमधून गळालेलं पाचट, त्यावरून सायकल गेली की होणारा चुरचुर आवाज, सकाळच्या गारठ्यात बैलांच्या तोंडाची वाफ. हे सगळं आलं की मला दरवर्षी एकाच माणसाची आठवण होते. तो माणूस जगात कधी नव्हताच. त्याचं नाव सुभानराव.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक माझ्याकडं आणायचे; मी आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायचो. दिवसभर बोटांना वार्निशचा वास आणि पायाशी उघडीनागडी पडलेली मोटार. शेजारी बबन टेलर. तो कपडे शिवायचा आणि मी तारा गुंडाळायचो, पण आमचा दोघांचा खरा धंदा नाटकाचा, असं आमचं दोघांचंच मत होतं.

त्या काळी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुठल्याही गावच्या जत्रेत एक नाटक ठरलेलं असायचं. लिहिलं होतं एका निवृत्त तलाठ्यानं. नाटकाचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. मी त्यात काम केलं, मलाही आठवत नाही. सगळे म्हणायचे, सुभानरावाचं नाटक. नायक होता, नायिका होती, त्यांचं जे व्हायचं ते व्हायचं, पण लोक यायचे सुभानरावासाठी. तो ओरडायचा नाही, मिशीला पीळ द्यायचा नाही, कुणावर हात टाकायचा नाही. गरीब गणपाच्या ओसरीवर यायचा, पाणी मागायचा, म्हशीची चौकशी करायचा, पोरांना नावानं हाक मारायचा. मग उठायचा, उंबऱ्यात जाऊन वळायचा आणि म्हणायचा, "जातो."

पुढच्या प्रवेशात त्या घराची विहीर ढासळलेली असायची. किंवा बैल दावणीला मरून पडलेला. नाटकात तीन 'जातो' होते. प्रत्येक वेळी बायकांच्या बाजूनं कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा, तोच टाळ्यांचा आवाज समजायचा. सुभानराव हे नाव इतकं मुरलं होतं, की निमगाव केतकीच्या बाजारात खोटं बोलणाऱ्या व्यापाऱ्याला लोक "लई सुभानराव होऊ नगं" म्हणायचे, आणि मोरगावकडच्या एका मेंढक्यानं तर दुसऱ्याच्या रानात शिरणाऱ्या बोकडाचं नावच सुभान्या ठेवलं होतं.

हे काम कैक वर्षं आमच्या गावचे तात्या करायचे. एरवी देवमाणूस. पण तात्यांचे दात गेले. 'जातो'तला 'ज' हा दातांचा ज. जगातला, जीवनातला तो 'ज' वेगळा, तो टाळूवर भागतो. 'जातो'ला जीभ दातांवर टेकावी लागते, आणि तात्यांकडं टेकायला काही उरलं नव्हतं. शेवटच्या जत्रेत त्यांच्या 'जातो'ची नुसती फुंकर झाली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "दिवा इझवतोय व्हय गं ह्यो?" तात्यांनी त्याच जागी काम सोडलं. आणि ते माझ्याकडं आलं.

पहिल्या तालमीला मी ओसरीवर बसलो, पाणी प्यालो, म्हशीची चौकशी केली, उठलो, उंबऱ्यात वळलो आणि म्हणालो, "येतो."

सगळे हसले. मीही हसलो. पुन्हा केलं. पुन्हा 'येतो'. तिसऱ्यांदाही तेच. माझा काही दोष नव्हता. आईच्या दुधाबरोबर प्यालेला शब्द होता तो.

तात्या भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "जिभंची खोड हाय ती. तालमीत जायची न्हाय. रोजच्याला म्हणाया लागंल. जितं जाशील तितं म्हणायचं. आन् डोकं ठिकाणावर ठिवून म्हण. भानुदास हाय न्हवं तुझं नाव? नावात भान हाय, जरा वापरत जा."

त्यातला पहिला सल्ला मी घेतला, दुसरा तिथंच राहिला.

पिक्चरमधली बडी मंडळी भूमिकेसाठी वजन घटवतात, वाढवतात, जंगलात जाऊन राहतात, असं मासिकांत यायचं. मला दुकान सोडून जंगलात जाणं परवडण्यासारखं नव्हतं. मी आपल्या मिशा वाढवल्या, तोंडात लवंग धरायला लागलो आणि हसणं बंद केलं. हसणं बंद केल्यावर पहिल्यांदा कळलं, की माणसाला दिवसभरात हसायला लागण्यासारखं फारसं काही नसतं. आपण उगाच हसत असतो. गिऱ्हाइकाकडं मी नुसता बघायला लागलो. मोरगावचे एक आबा जळकी मोटार घेऊन आले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं, पुन्हा त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "बाबा, मोटार जळलीय, माणूस न्हाय मेलं. असं बघू नगं." मला फार बरं वाटलं.

आणि 'जातो'. चहाच्या टपरीवरून उठताना जातो. वार्निशवाल्याकडून निघताना जातो. टपरीवाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं, कुठं? दुसऱ्या दिवशी विचारलं, काय झालं? तिसऱ्या दिवशी म्हणाला, पुढच्या टपरीवर जात जा. बबन नाटकात गणपाचं काम करायचा, त्याला सगळं माहीत होतं, तरी दुपारी जेवायला निघताना मी त्याच्या मशीनसमोर उभा राहून 'जातो' म्हटलं की त्याचा टाका चुकायचा. म्हणायचा, "जायचं तर जा ना बाबा. सांगून नको जाऊस."

घरी तर रोजचं नाटक. सकाळी उंबऱ्यात 'जातो' म्हटलं की आई हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून यायची. हाताला धरून मागं न्यायची, पाटावर बसवायची, तांब्याभर पाणी पाजायची, आणि म्हणायची, "आता नीट नीघ." मग मी नीट निघायचो. तोवर एसटी गेलेली असायची. म्हणजे आईनं मला जाऊ दिलं नाही, एसटी मात्र न सांगता गेली. शेवटी तडजोड झाली. मी घरातून मुक्यानं निघायचो, आणि आई पाठीमागून माझ्या वतीनं स्वतःच "येतो" म्हणायची.

उरलेली तालीम मी कालव्यावर करायचो. संध्याकाळी दुकान बंद करून कालव्याच्या भरावावर उभा राहायचो. खाली पाणी गढूळ, संथ, इंदापूरच्या बाजूला निघालेलं. त्याला मी 'जातो' म्हणायचो. पलीकडं बाभळीवर बगळे येऊन बसलेले असायचे, हुरडा भाजल्याचा धूर कुठून तरी यायचा, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला की मलाच पाठीत गार वाटायचं. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, की आपण दिवसातून दहा वेळा 'येतो' म्हणतो ते समोरच्याला वचन म्हणून नसतं. ते स्वतःचीच समजूत काढणं असतं. जाणाऱ्याला परत यायची खात्री कुठं असते? एवढा मोठा विचार सुचल्यावर मी कालव्यावर बराच वेळ उभा राहिलो आणि डास चावून घेतले.

याच हंगामात कुसुमचं लग्न ठरायला आलं.

कुसुम माझी धाकटी बहीण. वडील नव्हते, त्यामुळं तिच्या लग्नातला कर्ता मी, म्हणजे कागदावर. खरी कर्ती आई. कुसुमनं आधी दोन मुलं नाकारली होती. एकाला यासाठी, की त्यानं पोह्यांतली कोथिंबीर वेचून ताटलीच्या कडेला ठेवली. दुसऱ्याला कशासाठी, ते तिनं सांगितलंच नाही. तिसरा निमगाव केतकीचा दत्ता. डाळिंबाची बाग, ठिबकच्या नळ्या, माणूस कमी बोलणारा. तो बघून गेला त्या संध्याकाळी भांडी घासता घासता कुसुमनं आईला एकच विचारलं, "त्यांच्या रानाला पाणी कुठून येतं गं?" आईनं माझ्याकडं बघितलं. आम्ही समजलो.

दत्ताच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या आत्याबाईंचा. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आल्या आणि त्यांनीच ती बाग उभी केली. त्यांना लोक घाबरून असायचे. पक्की बोलणी करायला मी आणि मामा गेलो. निघताना आई मामाला म्हणाली, "बोलायचं तुमी. ह्याला चहा प्यायला न्या." मला म्हणाली, "आन् ते नाटकाचं थेर तितं नगं."

बैठक झकास झाली. ओसरीवर सतरंजी, पलीकडं डाळिंबांचे भरलेले क्रेट, आत कुणीतरी कांदा परततंय. मामांनी सगळं बोलून घेतलं. लग्न आमच्या दारात, साखरपुडा त्यांच्या दारात. मी गप्प होतो. गप्प बसण्याचा तर माझा त्या दिवसांत सरावच होता. आत्याबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत माझ्याकडं अधूनमधून बघत होत्या. मला वाटलं, पोरगा गंभीर आहे असं त्यांचं मत होत असणार.

मग आम्ही उठलो. मामा "येतो मग" म्हणून पायरी उतरले. मी चप्पल घातली. उंबऱ्याशी आलो. पाय आपोआप थांबले, मान आपोआप वळली, आणि चार महिन्यांत एकदाही जमला नव्हता इतका सुरेख, खालच्या सुरातला, दातांवर अलगद टेकलेला तो शब्द निघाला.

"जातो."

अडकित्ता थांबला.

"काय म्हणाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"येतो म्हणाला," मामा पायरीवरून म्हणाले.

"मला ऐकू येतं."

आतला कांदा करपल्याचा वास आला. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं म्हणाल, तर बहीण नव्हती, आई नव्हती. डोक्यात होतं, वा, काय आला राव आज.

एसटीत मामा इंदापूर रस्ता संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "भानुदास, तुझ्या बापानं आयुष्यात येक चूक केली. आन् ती माझ्या शेजारी बसलीय."

नंतर निमगावहून निरोप आला, 'जरा थांबू.' आमच्या भागात 'जरा थांबू' म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना विचारावं. आई देवाशी तेवढी बोलायची, माझ्याशी बोलायची बंद झाली. कुसुम मात्र पूर्वीसारखीच वाढत होती. भाकरी, कोरड्यास, वर कांदा. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. आठवडाभरानं ताटात भाकरी टाकताना तिनं विचारलं, "दादा, नाटकात शेवटी तू मरतोस का?"

"नाही. पळून जातो."

"वाईट झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

चुलीपुढं तिची पाठ दिसत होती. ती रडत नव्हती. फुंकणीनं जाळ फुंकत होती, आणि जाळ चांगला असतानाही फुंकत होती. एवढंच बघितलं मी. पण त्यानंतर कालव्यावर जाणं बंद केलं. उशीर झाला होता. जीभ तयार झालेली होती.

मामा पुन्हा निमगावला जाऊन आले. म्हणाले, त्यांना सगळं समजावून सांगितलं, नाटकाची तयारी आहे, पोरगं मनानं साधं आहे. आत्याबाईंचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं आणलं: "नाटक कुठं संपतं आन् माणूस कुठं सुरू हुतो, ते बगाया येती मी. मग ठरवू."

चैत्रात गावची जत्रा आली. उसाचे फड रिकामे झालेले, कारखान्याचा वास विरलेला, उन्हानं डांबर मऊ झालेलं. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून वर फळ्या टाकल्या की आमचं स्टेज. गणपाच्या घराचा उंबरा म्हणून कुणाच्या तरी पाडलेल्या घराची सागवानी चौकट आणून उभी केली होती. दिवे लागल्यावर नाटक सुरू झालं. पडद्याच्या फटीतून मी बघितलं. बायकांच्या बाजूला पुढंच घोंगडीवर आत्याबाई. शेजारी आई, हातांची घडी घालून. पुरुषांत दत्ता, मामा आणि तात्या. कुसुम मागं, खांबाला टेकून उभी.

मी ओसरीवर बसलो. पाणी मागितलं. म्हशीची चौकशी केली. बायका चिडीचूप झाल्या. पोरांना नावानं हाका मारल्या, तेव्हा कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. सगळं जमत होतं. उठलो, चौकटीत गेलो, वळलो. समोर आत्याबाई. मागं खांबाशी कुसुम. लवंग मी गिळली.

"येतो," मी म्हणालो.

आतून पुस्तक धरून बसलेले गुरुजी कुजबुजले, "जातो, जातो." त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेत ऐकू गेली. मी मान हलवली, घसा साफ केला आणि पुन्हा म्हणालो, "येतो."

गणपा झालेल्या बबनला पुढं छाती बडवून विलाप करायचा होता. विलापाला कारणच उरलं नाही. तो बिचारा माझ्याकडं बघत राहिला, मग हात जोडून म्हणाला, "या की. कवाबी या. च्या तरी घिऊन जायचं हुतं."

जत्रा जी हसायला लागली, ती थांबली नाही. पुढच्या प्रवेशात बैल मेला तर लोक म्हणाले, उन्हानं मेला असंल. उरलेल्या दोन 'जातों'ना मी उठण्याआधीच पोरं ओरडायची, "येतो म्हण." आणि मी म्हणालो. दोन्ही वेळा. मग मी पळून गेलो, नाटकात लिहिल्याप्रमाणं, थोडा लवकर.

चौकटीमागं तात्या उभे होते. रागावले नव्हते. म्हणाले, "माजं दात गेलं हुतं. तुजं काय गेलं?"

सुभानरावाचं काम त्यानंतर मला कुणी दिलं नाही. नाटकही मागं पडलं. केबल आली, जत्रांतून ऑर्केस्ट्रा आले. दुकान चाललं. पण दुसऱ्या दिवशी निमगावहून नारळ आला. लग्न वैशाखात झालं.

त्यावरून आमच्या घरात एक कथा तयार झाली. भानुदासनं बहिणीसाठी भरल्या जत्रेत आपलं नाटक मोडलं, हातातोंडाशी आलेली कीर्ती लाथाडली, आणि ते बघून आत्याबाईंसारख्या करारी बाईचं मन द्रवलं. ही कथा मी सुरू केली नाही. मामांनी केली. मी फक्त ती कधी थांबवली नाही. खरं काय, ते मला स्वतःला अजून माहीत नाही. ठरवलं नव्हतं, एवढं नक्की. चौकटीत उभं राहिल्यावर जीभ आपल्या घरी परत गेली. तिला मी पाठवलं, की ती न विचारता गेली, हे इतक्या वर्षांत सुटलेलं नाही. कथा सांगताना मात्र मी पाठवली असंच सांगतो. आवाज जरा खाली आणून.

तर परवा मळीचा वास आला आणि मी सरळ निमगावची एसटी धरली. आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुसुम बागेतल्या शेडमध्ये बायकांबरोबर डाळिंबं निवडत बसली होती. मोठी एका क्रेटमध्ये, डागाळलेली बाजूला. तिची नवी सून चहा घेऊन आली. तिला ही गोष्ट माहीत नव्हती, मग मी सांगितली. कालवा, बगळे, चौकट, भरलेली जत्रा. त्यागापाशी येऊन थांबलो. सुनेचे डोळे खरंच भरले होते.

कुसुमनं हातातलं डाळिंब फिरवून बघितलं, डाग दिसला, बाजूला टाकलं.

"त्याग कसला आलाय," ती सुनेला म्हणाली. "नाटक बघून आत्याबाई जीपमधी बसल्या तवा ह्यांनी इचारलं, काय करायचं? तर म्हणाल्या, उद्याच नारळ पाठवा. हंगामभर घोकून ज्याला एक शब्द धड येईना, असला सोयरा हुडकून मिळायचा न्हाय. जल्मात कधी आपल्यावर वरचढ व्हायचा न्हाय."